काजळ धरलेले साचे

लक्ष्मणराव नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या पंपघरात फिटर होते. लग्न होऊन पस्तिसाच्या वर वर्षं झाली, पण नवराबायको एका छपराखाली राहिल्याचे दिवस जोडले असते तर त्यातली निम्मीही वर्षं भरली नसती. पाळीची ड्यूटी, एका खोलीचं क्वार्टर, आणि घरची जमीन तिकडं भोकरच्या बाजूला. त्यामुळं कावेरीबाई गावीच राहिल्या. शेत, म्हशी, म्हातारी सासू आणि एकुलती मुलगी राजकन्या, हे सगळं त्यांनीच ओढलं. लक्ष्मणराव सुट्टीला येत, पेरणीबद्दल चार गोष्टी विचारत आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जात. पुढं म्हातारी गेली, मुलगी लग्न होऊन लातूरला शाळेत शिक्षिका झाली. नोकरी संपत आली तेव्हा लक्ष्मणरावांनी शेत बटईनं लावलं, विष्णुपुरीजवळ दोन खोल्यांचं घर बांधलं आणि बायकोला सांगितलं, की आता सामान आवर, तिकडं राहायचंय. कावेरीबाईंनी सामान आवरलं.

नव्या घरात दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे वागू लागले. ते पेपर वाचत, त्या डाळ निवडत बसत. चहा झाला का, बत्ती गेली का, एवढंच बोलणं. भांडणही नव्हतं. भांडायला तरी एकमेकांचं काही माहीत असावं लागतं.

असंच एकदा दोघं लेकीकडे लातूरला गेले. राजकन्या ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती ते गुरुपादप्पा तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी. दुकान मुलाकडे सोपवून ते जुन्या वस्तू गोळा करत. कुलपं, तराजू, अडकित्ते, दौती. मागच्या खोलीत काचेची कपाटंच्या कपाटं. त्यांनी लक्ष्मणरावांच्या हातात एक गंजका लोखंडी तुकडा दिला. दिसायला अडकित्त्यासारखा, पण पात्यांच्या जागी दोन जाड ठोकळे, गंजानं एकमेकांना घट्ट चिकटलेले. जळकोटकडच्या एका जुन्या घराचा पाया उकरताना तो निघाला होता. निजामाच्या काळी ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या असल्या साच्यात पाडत, असं गुरुपादप्पांनी सांगितलं. लेथवाल्यांनी त्याला हात लावायला नकार दिला होता. मशीनवर धरला तर तुटेल, म्हणाले. लक्ष्मणरावांनी तो उलटापालटा करून पाहिला, बिजागरीवर नखानं टकटक केली आणि रुमालात बांधून घेतला.

नांदेडला आल्यावर त्यांनी तो रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. रोज सकाळी बाहेर काढायचा, बिजागरीभोवती लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायचे, परत बुडवायचा. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी साचा कुरकुरला आणि बोटभर उघडला. मग त्यांनी मागच्या पडवीत लोखंड पकडून धरायचा शिकंजा बसवला, कानशी काढल्या, आणि दिवस कसा जातो ते त्यांना कळेनासं झालं. झिजलेली खीळ काढून नवी घासून बसवली. कुणीतरी कधीकाळी त्या साच्याचा हातोडीसारखा वापर केला होता, त्यामुळं एका ठोकळ्याची कड दबलेली होती. ती पातळ कानशीनं, उंचवटे कळावेत म्हणून निळीचा हात देऊन, दोन्ही ठोकळे मध्ये कागदही शिरणार नाही इतके मिळेपर्यंत घासली. आतल्या वाटीत गंजानं खड्डे पडलेले. त्यासाठी शिशाची गोळी खिळ्यावर ओतून घ्यायची, तिला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावायची आणि साच्यात धरून बोटांनी फिरवत राहायचं. पंपाचे व्हॉल्व्ह त्यांनी आयुष्यभर असेच बसवले होते. शिसं भंगारवाल्याकडून यायचं, जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेलं. ते स्वस्त पडे.

गुरुपादप्पांची एक अट होती. कपाटात साच्याशेजारी त्याच साच्यातून निघालेली गोळी ठेवायची. म्हणून लक्ष्मणरावांनी शेगडीवर शिसं वितळवलं आणि ओतलं. गोळी निघाली ती सुरकुतलेली, सुकलेल्या बोरासारखी. साचा गरम करून पाहिला, तरी तेच. मग शिसं आत नीट पसरावं म्हणून दिव्यावर धरून आतून काजळी चढवली, तर ती इतकी जाड बसली की गोळीवर पोपडे आले. दुपारभर त्यांचं हे चाललं होतं. कावेरीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"तुम्हाला काजळ धरता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "आना इकडं."

त्यांनी करडईच्या तेलाची पणती लावली, वात बारीक केली, साचा ज्योतीच्या टोकाशी न आणता वरच्या वर फिरवला. गावात असताना लेकीसाठी आणि अर्ध्या आळीच्या लेकरांसाठी त्यांनी काजळ पाडलं होतं. वाटीत साईसारखा पातळ थर आला. लक्ष्मणरावांनी शिसं ओतलं, साचा उघडला, आणि गोळी टपकन खाली पडली. गोल, गुळगुळीत, चकचकीत. कावेरीबाईंनी ती उचलली, गरम लागली म्हणून या हातातून त्या हातात घेतली आणि हसल्या. हे हसणं लक्ष्मणरावांना ओळखीचं नव्हतं.

तिथून पुढं ते काम दोघांचं झालं. गुरुपादप्पांनी आणखी साचे पाठवले. उदगीरकडचा एक पितळी होता, एक नरम दगडाचा होता, त्यात पाच गोळ्या एका ओळीत पडत. लक्ष्मणराव घासत, कावेरीबाई काजळ धरत. वितळलेल्या शिशावर साय येई, ती जुन्या पळीनं त्याच काढत. खाली सांडलेली राख झाडत. गोळ्या पदरानं पुसून डब्यात भरत. मधूनच कमरेची डबी काढून बोटानं मिश्री लावत. ती सवय त्यांना माहेरापासूनची होती.

आणि काम करताना त्या बोलत. लक्ष्मणराव नव्हते त्या सगळ्या वर्षांचं बोलत. कुठली म्हैस विहिरीत पडली, कुठल्या साली तुरीवर काय आलं, राजकन्याला ताप भरला तेव्हा पावसातून तिला पाठीवर कसं नेलं. सासू शेवटी कुणाला ओळखत नव्हती. सुनेलाच आपली सासू समजायची आणि सकाळी उठून तिच्या पाया पडायची, हेही त्यांनी एकदा सांगितलं. लक्ष्मणरावांचा कानशीवरचा हात थांबला. आईचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग तू काय करायचीस?"

"काय करनार. आशीर्वाद द्यायचे."

पावसाळ्यात पडवीत वाऱ्यानं पणती टिकेना. कावेरीबाईच म्हणाल्या की आत करू, गॅसवर. खिडकी उघडी ठेवली की वारा आत यायचा आणि काजळ वाकडं बसायचं, म्हणून लक्ष्मणरावांनी खिडकी लावून घेतली. स्वयंपाकघरात एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला काठवट. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी असंच चाललं. राजकन्या दिवाळीला आली तेव्हा आईअप्पा एकमेकांच्या बोलण्यावर हसतायत हे बघून तिनं नवऱ्याला फोन करून मुद्दाम सांगितलं.

आधी कावेरीबाईंचं पोट दुखायला लागलं. कळ यायची आणि त्या भिंतीला धरून बसायच्या. जवळच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. तोंडाला चव नाही, शौचाला होत नाही, चार पावलं चालली की दम लागतो. रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. मग स्वभाव बदलला. लहानसहान गोष्टीवरून चिडत, नाही तर तासन् तास गप्प बसत. लक्ष्मणरावांना वाटलं, हिला गावची आठवण येत असेल. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी त्या भाकरी थापायला बसल्या आणि उजवा हात मनगटातून खाली लोंबला. बोटं हलत होती, पण पंजा वर उचलला जात नव्हता. भाकरी काठवटीतच फाटली. लकवा झाला असं समजून लक्ष्मणरावांनी त्यांना गाडी करून लातूरला लेकीकडे नेलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं हात पाहिले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या. हिरड्या मिश्रीनं काळ्या झालेल्या, त्यावरून काही कळेना. घरात काम कसलं चालतं, असं तिनं विचारलं. लक्ष्मणराव म्हणाले, काही नाही, मी रिटायर, ही घरीच असते. रंगकाम, बॅटरी, असलं काही? नाही, नाही. ते खोटं बोलत नव्हते. साच्यांना त्यांनी कधी काम म्हटलंच नव्हतं.

कावेरीबाई मान वर करून म्हणाल्या, "आम्ही शिशाच्या गोळ्या पाडतो. मी काजळ धरते, हे ओततात."

त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. कुठं पाडता, कधीपासून, हात कशानं धुता, हे तिनं एकेक करून विचारलं. कावेरीबाई सांगत गेल्या. स्वयंपाकघराचं आलं तेव्हा राजकन्या खुर्चीवरून उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

रक्त तपासायला मोठ्या शहरात पाठवलं. उत्तर आलं त्यात कावेरीबाईंच्या अंगात शिसं इतकं होतं की डॉक्टरणीनं आकडा सांगायच्या आधी दोघांना बसायला सांगितलं. लक्ष्मणरावांच्याही रक्तात होतं, पण पुष्कळ कमी. राख झाडणारी ती, पदरानं पुसणारी ती, आणि तेच बोट मिश्रीसाठी तोंडात घालणारीही तीच. बीपीनं त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. शिशानं उरलंसुरलं खाल्लं होतं.

"अप्पा," राजकन्या दवाखान्याच्या आवारात म्हणाली, "खिडकी तरी उघडी ठेवायची." त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही. लक्ष्मणरावांना ती रोज बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कावेरीबाईंना अंगातलं शिसं बाहेर काढायची औषधं सुरू झाली आणि लक्ष्मणराव एकटे नांदेडला आले. डॉक्टरणीनं सांगितलं होतं की झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंती, फडताळं, डब्यांची बुडं, पंख्याची पाती पुसून काढली. काठवट, तवा, जुनी पळी, कावेरीबाईंच्या त्या काळातल्या साड्या, सगळं पोत्यात बांधलं. कानशी आणि शिकंजा फुकट देऊन टाकला. हातात होता तो जळकोटकडचाच दुसरा, अर्धवट झालेला साचा आणि बाकीचे दोन, असे गुरुपादप्पांकडे पाठवून दिले आणि फोनवर सांगितलं की पुन्हा काही पाठवू नका. गुरुपादप्पा पलीकडून म्हणाले, "माझ्यामुळं झालं, लक्ष्मणराव." लक्ष्मणराव म्हणाले, नाही. आणि फोन ठेवला.

ते भंगारवाल्याकडेही गेले. तो माणूस भला होता, चहा पाजला. मागच्या आवारात तीन बाया उघड्या हातांनी बॅटऱ्या फोडत होत्या, एकीचं लेकरू बाजूलाच साडीच्या झोळीत होतं. लक्ष्मणरावांनी कावेरीबाईंचं सगळं सांगितलं. हाव काका, खरं हाय, असं तो म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायांसाठी रबरी हातमोजे आणि साबणाच्या वड्या नेऊन दिल्या. आठवड्यानं गेले तेव्हा मोजे खुंटीला टांगलेले होते, आणि साबण बायांनी घरी नेला होता. मोज्यात हात चालत न्हाई, असं त्यातली एक म्हणाली. लेकराला तरी इथं ठेवू नका, एवढंच त्यांना म्हणता आलं. कुठं ठेवू, असं तिनं विचारलं.

घर कुलूपबंद करून ते लातूरला राहायला आले. कावेरीबाईंचा पंजा पट्टीत बांधलेला असे. औषधांनी थोडा जोर आला होता, पण पेला दोन हातांनी धरावा लागे. मूत्रपिंडं मात्र सुधारेनात. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला दवाखान्यात जावं लागे. राजकन्या शाळेत गेली की लक्ष्मणराव त्यांना घेऊन जात, यंत्राशेजारी स्टुलावर बसत.

तिथंच एकदा कावेरीबाईंनी विचारलं, की तो जळकोटकडचा दुसरा साचा, आपण अर्धा सोडून आलो तो, त्याचं काय केलं. लक्ष्मणरावांनी सांगितलं. साचे परत पाठवले, बाकी सगळंच टाकलं, म्हणाले. तिच्या जिवाला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं.

कावेरीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. यंत्राची नळी लाल दिसत होती.

"मला इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"अगं, त्यानं तुला मारायला घेतलं होतं. काय इचारायचं?"

"गावात ठिवलं तवा इचारलं न्हाई. हितं आनलं तवा न्हाई. येवढं एक काम माजं व्हतं."

"माजं चुकलं. मी तुला इख दिलं, राजकन्याच्या माय."

"इख तर माज्याच हातानं गेलं पोटात," त्या म्हणाल्या. "त्याचं न्हाई म्हनत मी."

नर्स आली, तिनं काहीतरी तपासलं आणि गेली. त्या दिवशी घरी येताना रिक्षात दोघं गप्प होते, आणि ते गप्प राहणं नंतर सुटलं नाही. त्यांना वाटे, हिनं पुन्हा काहीतरी सांगावं, म्हशीचं, तुरीचं, आईचं. त्यांनी एकदोनदा विषयही काढून पाहिला. कावेरीबाई हूं म्हणत. रागानं नव्हे; पण बोलायची ताकद उरली नव्हती की इच्छाच, हे त्यांना कधी समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

गुरुपादप्पा खालीच राहत, पण वर यायला बिचकत. दारापर्यंत येऊन परत जात. शेवटी कावेरीबाईंनीच निरोप पाठवला की मला ते कपाट दाखवा. लक्ष्मणराव नको म्हणाले, शिशाजवळ जायचं नाही अशी डॉक्टरणीची सक्त ताकीद होती. मग ते थांबले, आणि बायकोकडे बघून त्यांनी विचारलं, "जायचं का तुला?" कावेरीबाईंनी होकारार्थी मान हलवली. लक्ष्मणराव आणि राजकन्या त्यांना हाताला धरून जिना उतरवून खाली घेऊन गेले.

काचेमागे साचे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाशेजारी त्याची गोळी. गुरुपादप्पांनी काच उघडली नाही. कावेरीबाईंनी स्टुलावर बसून एकेक साचा पाहिला. दगडाचा होता त्याच्यापाशी त्या थांबल्या. त्यातल्या शेवटच्या गोळीला डाग का आहे ते त्यांनी गुरुपादप्पांना सांगितलं. त्या दिवशी वात मोठी झाली होती आणि लक्ष्मणरावांनी घाई केली होती. गुरुपादप्पांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण कावेरीबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. अर्धवट राहिलेला साचा खालच्या खणात कापडात गुंडाळलेला होता. तो दाखवू का, असं गुरुपादप्पांनी विचारलं. नको, असं कावेरीबाई म्हणाल्या. मग त्यांना थकवा आला.

मार्गशीर्षातल्या येळअमावस्येच्या आधी त्या गेल्या. सकाळची वेळ होती, राजकन्या शाळेला निघाली होती, लक्ष्मणराव चहा गाळत होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ते आत गेले तेव्हा पेला फरशीवर गडगडत होता आणि कावेरीबाईंचे डोळे उघडे होते. दहावं-तेरावं गावी केलं, भोकरकडे, कारण त्यांची माणसं तिकडंच होती. ज्या बाया भेटायला आल्या त्यांनी कावेरीबाईंच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. लक्ष्मणराव ऐकत बसले. त्यातल्या बऱ्याच त्यांना माहीत होत्या. काही माहीत नव्हत्या.

राजकन्यानं त्यांना लातूरलाच ठेवून घेतलं. ती त्यांचं सगळं बघते, वेळेवर जेवायला वाढते, कपडे धुते. बापलेकीत बोलणं बेताचंच. गुरुपादप्पा संध्याकाळी ओट्यावर बसायला बोलावतात, तिथं ते जातात, पण मागच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

दर काही महिन्यांनी लक्ष्मणरावांचं रक्तही तपासतात. परवा डॉक्टरणीनं कागद पाहिला आणि पहिल्यांदाच खुशीत दिसली. शिसं उतरत चाललंय, काका, असंच चालू राहिलं तर चिंता नाही, असं म्हणाली. सगळं निघून जाईल का, असं लक्ष्मणरावांनी विचारलं. रक्तातलं जाईल, ती म्हणाली. हाडांत थोडं राहतं, पुष्कळ वर्षं.

बरं, असं म्हणून लक्ष्मणरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बाहेर ऊन होतं. स्टँडवर नांदेडची बस लागली होती. घराची फरशी पुन्हा एकदा पुसून यावी असं त्यांच्या मनात होतं, भाडेकरू यायचा होता आणि त्याच्या घरात लहान मूल होतं. त्यांनी लेकीला फोन करून तसं सांगितलं आणि बसमध्ये जाऊन बसले.